पत्र्यावरचे पोपडे

रंगाचा नखाएवढा पोपडा होता. पांढरा म्हणायचा, पण उजेडाकडे धरला की निळसर झाक मारणारा. एका अंगाने गुळगुळीत आणि दुसऱ्या अंगाला पत्र्यावरची जुनी धूळ जशीच्या तशी धरून बसलेला. शेळ्यांच्या पाण्याच्या घमेल्यात तो तरंगत होता आणि कबरी शेळी त्याला ओठाने बाजूला सारून पाणी पीत होती. संगीताने तो दोन बोटांनी उचलला, तळहातावर ठेवला, आणि सकाळच्या सात वाजता — अजून चहा व्हायचा होता, माय उठायची होती, अंगण तसंच पडलं होतं — तिला एकदम बरं वाटलं. इतकं बरं तिला पाडव्यापासून वाटलं नव्हतं.

निघायला लागला म्हणजे. आपोआप निघायला लागला.

तिने इकडेतिकडे पाहिलं, जसं काही कुणी बघतंय, आणि पोपडा कमरेच्या पिशवीतल्या काड्या संपलेल्या काडेपेटीत टाकला. पेटीत आधीचे बरेच होते. रामेश्वर आला की त्याच्यासमोर ही पेटी उपडी करायची एवढंच तिने ठरवलं होतं. पुढे काय बोलायचं ते रोज बदलायचं. कधी ती नुसतं म्हणायची, बघ. कधी म्हणायची, हे बघ तुझं गार घर. आणि कधी कधी, भाकरी थापताना, ती मनातल्या मनात भावाला इतकं सुनवायची की तव्यावरची भाकरी करपून जायची... यातले आपोआप पडलेले किती आणि बाकीचे कसे आले, हे तो विचारणार नव्हता. विचारणारा माणूस असता तर रंग घेऊन आलाच नसता.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आला होता तो. मोटारसायकलवर मागे सायकलच्या ट्यूबने आवळून बांधलेला रंगाचा भला मोठा डबा. रामेश्वर तिच्यापेक्षा तीन वर्षांनी धाकटा, बीडला एका हार्डवेअरच्या दुकानात काउंटरला उभा राहतो, आणि त्यांच्या पाली गावाहून बीड हाकेच्या अंतरावर असलं तरी वर्षातून चारदा उगवतो. डबा त्याने अंगणाच्या मधोमध ठेवला, कपाळाचा घाम पुसला आणि खाटेवरच्या मायला सांगितलं, "माय, ह्यो रंग पत्र्याला मारला की ऊन आल्या वाटंनं माघारी जातंय. पाच-सहा डिग्रीचा फरक पडतो. आता तुला कुटं जायाचं काम न्हाई."

कुटं जायाचं काम न्हाई. संगीता चहाचा कप घेऊन दारात उभी होती. रंगाचं तिला काही वाटलं नाही, डब्यावरच्या हसऱ्या बाईचं काही वाटलं नाही. ते एक वाक्य तेवढं पोटात गेलं आणि तिथे बसून राहिलं. अजून बसलेलं आहे.

कारण मागच्या मे महिन्यात... मागच्या मेमध्ये ती शेळ्या घेऊन धरणाच्या काठाला गेली होती आणि परतली तेव्हा माय खाटेवर डोळे उघडे ठेवून पडली होती, हाकेला ओ देत नव्हती, आणि अंग असं तापलेलं की हात लावून काढून घ्यावा. रिक्षा, बीड, सलाईन. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, पुढच्या उन्हाळ्यात यांना पत्र्याखाली ठेवू नका, दुसऱ्यांदा असं झालं तर हाती लागणार नाहीत. आणि रामेश्वर — डॉक्टरांसमोर, नर्ससमोर, त्याच्या बायकोसमोर म्हणजे सुकन्यासमोर — म्हणाला होता की पुढच्या उन्हाळ्यात दोन महिने मी नेतो मायला, आमचं स्लॅबचं घर आहे, कूलर आहे. हे वाक्य संगीताने अकरा महिने जपलं. धुणं धुताना ते काढून बघितलं, मायला आंघोळ घालताना बघितलं, मायने नको त्या वेळी नको ते मागितलं की दात ओठ खाऊन आधी ते बघितलं आणि मग उठली. नेतो म्हणाला आहे. दोन महिने म्हणाला आहे. चार लोकांत म्हणाला आहे.

आणि आला तो डबा घेऊन.

माहेरी परतल्यापासूनच्या सतरा वर्षांत तिने कुणाकडे काही मागितलं नव्हतं. नांदायला गेली ती चार वर्षांत परत आली. बाप होता तोवर बापाच्या मागे शेळ्या राखल्या. बाप, सटवा, गेल्यावर मायचं सगळं अंगावर घेतलं — उठवणं, बसवणं, परसाकडला धरून नेणं, चिडली की चिडू देणं. रामा लग्न करून बीडला गेला ते रीतीला धरूनच झालं, त्याच्याबद्दल कुणी वावगं बोललं नाही. उलट तो आला की गल्ली गोळा होते. रंग लावून झाला तेव्हाही झाली होती. शेजारचा बंकटभाऊ कमरेवर हात ठेवून वर बघत म्हणाला होता, "ल्योक आसावा तर आसा." संगीता तेव्हा त्याच लेकाच्या रंगाने माखलेल्या बादल्या घासत होती.

बरं, रंग लावला तो तरी कसा लावला...

दरवर्षी होळी झाली की ती बंकटभाऊच्या उसातलं पाचट भारे करून डोक्यावर आणते, पत्र्यावर पसरते, वरून दोरीने आवळते. त्याने जेवढा अडायचा तेवढा उकाडा अडतो. यंदाचंही पसरून झालं होतं. रामाने ते दंताळ्याने ओढून खाली टाकलं — तिचे तीन दिवस दहा मिनिटांत — आणि म्हणाला, "ह्या गबाळाचं आता काम न्हाई, आक्का." तो वर चढायच्या तयारीत असताना तिने डब्यावरचं बारीक अक्षर वाचलं. बारावी झालेली आहे ती, वाचायला काही कुणाला बोलवावं लागत नाही. पत्रा आधी पाण्याने धुवावा. गंज खरवडून काढावा. पूर्ण वाळू द्यावा. भर उन्हात रंग लावू नये. सांगितल्यापेक्षा जास्त पाणी मिसळू नये. तिने ते दोनदा वाचलं. रामा रोज असले डबे विकतो, पण विकणाऱ्याला वाचावं लागत नसावं. दुपारचे बारा वाजले होते, पत्र्यावर वर्षानुवर्षांची धूळ आणि कुजलेल्या पाचटाची भुकटी होती. त्याने खराट्याचे चार हात मारले, बादलीत रंग ओतला, त्यात दोन तांबे पाणी घातलं, मग अजून दोन, मग अर्धी कळशी — दिवाळीला भिंतींसाठी चुना कालवतात तसं. "पुरला पायजे," म्हणाला.

तेवढ्यात खाटेवरून माय म्हणाली, "रामा, नीळ घातली का?"

"नीळ कशाला? ह्यो चुना न्हाई माय. कंपनीचा रंग हाय."

"चुना आसू न्हाईतर कंपनीचा आसू. निळीबिगर पांढरं उठत न्हाई. सडकंवरून घर दिसाया पायजे."

तो हसला आणि त्याने नीळ घातली. कपड्यांच्या निळीची अख्खी बाटली, ऊन माघारी पाठवणाऱ्या रंगात. बाहेरच्या कुणाला सांगितलं तर पोट धरून हसेल. पण या घरात कुठलीच भिंत निळीशिवाय पांढरी झालेली नाही, आणि मायच्या हयातीत होणारही नाही. तर एकाने पाणी घातलं, एकीने नीळ घातली, आणि संगीताने? 'आधी धुऊन घे' हे शब्द तिच्या जिभेवर होते. रामाने शिडीवरून वळून पाहिलं तेव्हा ती म्हणाली, अजून चहा ठेवू का?

हे तिने जाणूनबुजून केलं. टिकू नये म्हणून केलं. इतर कशाबद्दल ती स्वतःशी खोटं बोलत असेल, याबद्दल बोलत नाही.

आणि एवढं करून मेला तो रंग लागू पडला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी माय म्हणाली, लई गार वाटतंय गं. संगीता खाटेवर उभी राहिली आणि हात वर करून तिने आतून पत्र्याला तळवा टेकवला — घर बुटकं आहे, हात पुरतो. पूर्वी एप्रिलात तिथे बोट ठेवता यायचं नाही. आता ती मोजत उभी राहिली. वीसपर्यंत मोजलं तरी हात काढावा लागला नाही. माय खालून बघत होती, म्हणाली, "गार हाय न्हवं?" आणि संगीताला रडू आलं. ते मायला घाम वाटला.

चहा झाला. माय उठली, तिला धरून नेलं, आणलं, बसवलं. नऊच्या सुमाराला सायलीचा फोन आला. सायली याच गल्लीतली पोरगी, आता लातूरला परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलींच्या वसतिगृहावर अधीक्षक आहे. "संगीताताई, आज संध्याकाळपर्यंत नक्की सांगा मला. सोमवारपासून उन्हाळी वर्गाच्या मुली येणार, साठ जणींचा स्वयंपाक बघायला बाई पाहिजे. मी तुमच्यासाठी अडवून धरलंय. खोली आहे, पंखा आहे, दोन महिने करून तर बघा. पटलं तर मग पुढचं बघू."

"सांगते," संगीता म्हणाली. "संध्याकाळी सांगते."

दोन महिने. 'पुढचं बघू' या दोन शब्दांकडे ती कधी वळली नव्हती, तिकडे वळायचं कारणच नव्हतं. तिला दोन महिने हवे होते. सकाळी उठून फक्त स्वतःचं तोंड धुवायचं. साठ जणींचा स्वयंपाक म्हणजे काही खायचं काम नाही, पण त्या साठ जणी जेवून उठून जाणार, आपापलं ताट धुणार, त्यांच्यातली एकही रात्री-अपरात्री 'संगे' म्हणून हाक मारणार नाही. खोली आहे. खोलीला आतून कडी असेल... कडी असते का वसतिगृहात? असणारच. तिने शेळ्यांपुढे पाला टाकला आणि कितीतरी वेळ त्या कडीचाच विचार केला.

दुपारी एक वाजता रामाचा फोन आला, चेहरा दिसणारा. आठवड्यातून एकदा तो असा फोन करतो आणि दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला आपली म्हातारी आणि गार घर दाखवतो. आज घरून केला होता. फोन वाजला आणि संगीता उचलणार तोच माय म्हणाली, "थांब. लगेच उचलू नगंस."

तिने पदराने आधी कपाळ पुसलं, मग गळा, मग कानामागे. ओली उशी उलटी केली. घोंगडीचा भिजलेला भाग मांडीखाली सरकवून त्यावर बसली. दोन घोट पाणी प्यायली, केसांवरून हात फिरवला, श्वास जागेवर येऊ दिला. हे सगळं सावकाश, एकेक करून, जत्रेला निघालेल्या बाईसारखं. फोन वाजत होता. "आता उचल," ती म्हणाली.

"माय, कसं हाय?"

"लई गार हाय बाबा. दुपारचं पांघरून घ्यावं वाटतंय."

"बघ आक्का," रामा फोनमधून म्हणाला, "मी म्हणलं नव्हतं का?"

मागून सुकन्याचा आवाज आला, "आत्याबाई, जपून ऱ्हावा बरं का." गोड होता आवाज. सुटल्याचा आनंद त्यात इतका स्वच्छ होता की संगीताला तिचा रागसुद्धा नीट येईना. मी तिच्या जागी असते तर याहून गोड बोलले असते... फोन संगीताच्या हातात होता. नुसता चार बोटं खाली केला असता तर मायच्या मांडीखालची घोंगडी दिसली असती, चिकटलेली चोळी दिसली असती, खाटेच्या दोरांपर्यंत उतरलेला घाम दिसला असता. ती फोन खाली करायला लागली. हळूहळू, हात अवघडल्यासारखा करून. आणि मायचा हात आला, तिच्या मनगटावर, फोनमध्ये दिसणार नाही असा खालून, आणि त्याने शेळीचं तंगडं धरावं तसं मनगट धरलं. सत्तर वर्षांच्या बाईच्या हातात एवढा जोर कुठून येतो? चेहरा मात्र फोनकडे बघून हसत होता. संगीताने फोन पुन्हा वर घेतला.

फोन बंद झाल्यावर माय आडवी झाली, भिंतीकडे तोंड करून. "पानी दे," एवढंच म्हणाली.

खोटं बोलते. धडधडीत खोटं बोलते, आणि कशासाठी, तर तिकडे सुनेच्या राज्यात बसावं लागेल म्हणून, चहा मागून घ्यावा लागेल म्हणून, इथे 'संगे' म्हटलं की मिळतं ते तिथे मिळणार नाही म्हणून. उकडून मेली तरी चालेल, पण मला सोडणार नाही ही. संगीताने पाणी दिलं. तांब्या जरा आपटूनच ठेवला. मग तिने फडकं भिजवून आणलं आणि मायच्या पाठीवरून फिरवलं, कारण ते करायचंच होतं. राग आहे म्हणून हात थांबत नाहीत, हीच तर सतरा वर्षांची खोड आहे.

साडेचारला तिने बाभळीच्या शेंगांची पाटी घेतली आणि शिडी लावली. शेळ्यांसाठी शेंगा वाळवायच्या म्हणून ती रोज या वेळी वर जाते. शेंगा पसरते, चाळवते, आणि कमरेला खोचलेलं उलथनं काढते.

आठ दिवसांपूर्वी पहिल्यांदा शेंगा गोळा करताना एक पोपडा आपणहून उठला होता. तिने त्याच्याखाली नख घातलं आणि हाताएवढा तुकडा सुटून आला, न दुखवता, वाळलेली खपली यावी तसा. खाली जुना पत्रा होता, भुरकट, तापलेला. दुसऱ्या दिवशी ती उलथनं घेऊन आली. सगळा पत्रा नव्हे. चुलीवरचा रंग तिने शाबूत ठेवला होता, शेळ्यांच्या छपरावरचाही. शेळ्या हल्ली दुपारभर गारव्याला पाय पसरून रवंथ करत असतात. तिला हवे होते ते खाटेवरचे तीन पत्रे. शिडीवर पोटाने ओणवं होऊन, शेंगा बाजूला सारत, कर्र... कर्र... रोज वीतवीत पुढे सरकत. निघालेलं सगळं पाटीत भरून ती उकिरड्यावर टाकायची, चारदोन चांगले तुकडे काडेपेटीत.

मायला मारायचं नव्हतं तिला. हे तिने स्वतःला इतक्यांदा सांगितलं होतं की आता ते सांगताना शब्द ऐकू यायचे नाहीत. तिला एवढाच उकाडा हवा होता की माय म्हणेल, रामा, मला ने. एवढाच. मागच्या मेमध्ये झाला त्याच्या जरा अलीकडचा. तो कुठे असतो, किती पत्र्यांवर असतो, हे कुठल्या डब्यावर लिहिलेलं नसतं, म्हणून वीतवीत खरवडायचं, रोज दुपारी मायच्या अंगाला हात लावून बघायचं, आणि ती अजून बोलते, हसते, मनगट धरते असं दिसलं की पुन्हा शिडी लावायची. काल शेवटचा पत्रा निम्मा झाला होता. आज ती उरलेला करत होती. बाजूच्या पांढऱ्या पत्र्यावर तिने डावा हात टेकवला होता, तो टिकत होता. खरवडलेल्या जागी कोपर लागलं की चटका बसत होता.

"संगे."

आवाज खालून आला, पत्र्यातून, इतका जवळून की तिच्या पोटाखालीच माय बसली आहे असं वाटलं. उलथनं थांबलं.

"खाटंच्या वरलं झालं की तुजं. आता कोपऱ्याकडलं तेवढं ऱ्हायलंय."

हायवेवरून एक ट्रक गेला. तो पूर्ण जाईपर्यंत संगीताने श्वास घेतला नाही. "काय म्हणतीस?" ती म्हणाली. आवाज तिलाच कुणा दुसऱ्याचा वाटला.

"काय न्हाई. आठ दिस झाले, ऐकतीया. आधी वाटलं कावळा हाय. मग म्हणलं, कावळा रोज साडेचारलाच कावून यील?"

माय चिडलेली नव्हती. चिडली असती तर संगीताला वाट सापडली असती. ती वरून ओरडली असती, माय खालून ओरडली असती, सतरा वर्षांचं सगळं निघालं असतं आणि संध्याकाळी दोघींनी न बोलता भाकरी खाल्ली असती. मायचा आवाज शेळ्या मोजताना असतो तसा होता.

"मग रामाला सांगितलं कावून न्हाईस?" संगीता म्हणाली. "आज तर फोन व्हता. सांगायचं की, ही माजी ल्येक बघ काय करती."

"सांगितलं आसतं तर त्यो घेऊन गेला आसता मला."

"मग जायाचं. तितं काय वाघ हाय? सुकन्या काय खाती का तुला?"

"न्हाई खात. चांगली हाय ती पोरगी. दोन टायम जेवाया घालंल, कूलर लावंल."

"मग?"

खाली खाट करकरली. माय उठून बसली असावी. काठीचं टोक आतून पत्र्याला लागलं, ठक्, नेमकं तिथे जिथे संगीता ओणवी झाली होती, आणि तिथेच टेकून राहिलं.

"दोन महिन्यांनी मी माघारी यीन, संगे," माय म्हणाली. "तू येशील का?"

संगीताने तोंड उघडलं. येईन. एवढा सोपा शब्द, रोज शंभरदा बोलतो तो — धरणावरून येते, गिरणीतून येते, आलेच — आणि तो तोंडात तयार होता, जीभ लागलीसुद्धा, पण बोलायच्या आधीच तिला तो ऐकू आला आणि ऐकू येताच कळलं की तो खोटा आहे. दोन महिने हे तिने रामाच्या तोंडून उचललं होतं, सायलीच्याही तोंडून उचललं होतं, अकरा महिने धुण्यावर, चुलीवर, शेळ्यांमागे घोकलं होतं. आणि त्या खोलीची, आतल्या कडीची एवढी ओढ, त्यात परत येतानाची एसटी एकदाही दिसली नव्हती. लातूरला जाणारी दिसायची. तिची पिशवी दिसायची. परतीची नाही. ते मायला पत्र्याखाली पडल्या पडल्या कळलं होतं, बहुतेक त्या दिवशीच, दवाखान्यात, जेव्हा रामा दोन महिने म्हणाला आणि संगीताने मान खाली घातली होती. म्हणून लई गार हाय. म्हणून उशी उलटी. म्हणून आठ दिवस ती खाली भिजत पडून राहिली आणि हिच्या उलथन्याचा आवाज मोजत राहिली — दोघींपैकी आधी कोण मोडतं ते बघत.

 तिचं न बोलणं पत्र्यातून खाली गेलं. काठीचं टोक निघालं.

"बरं," माय खालून म्हणाली.

कमरेच्या पिशवीत फोन थरथरू लागला. सायलीच असणार, पाच वाजून गेले होते. संगीताने उलथनं शेंगांवर ठेवलं आणि फोन बाहेर काढला, त्याच्याबरोबर काडेपेटीही आली, उघडली, आणि निळसर पांढरे तुकडे खरवडलेल्या पत्र्यावर सांडले. ते गोळा करावेत असं तिला वाटलं नाही. बोटाला भुकटी लागलेली होती, अंगठा फोनच्या काचेवर थांबला होता.

"उचल की," माय म्हणाली. "किती येळ वाजू देतीस."

दुपारी 'आता उचल' म्हणाली होती तोच आवाज, तीच खाट. अडवणाऱ्या माणसाशी कसं वागायचं ते संगीताला येत होतं. सतरा वर्षं तेच केलं होतं; सोडून देणाऱ्याशी कसं वागायचं ते येत नव्हतं. तिने राग शोधला. रामावरचा शोधला, सुकन्यावरचा, त्या डब्यावरचा, खाली बसलेल्या म्हातारीवरचा. सकाळपर्यंत सगळा जागच्या जागी होता आणि आता हाताला लागेना. त्याच्या जागी जे होतं त्याला नाव नव्हतं, आणि ते तिला भीती घालत होतं. फोन वाजत होता आणि खाली, तिने आठ दिवस खरवडलेल्या पत्र्याखाली, माय ऐकत होती.